थंडीतील वाहनासाठी इंजिन ऑइलची निवड: डब्ल्यूच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा

इंजिन ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे काहीतरी छापलेले असते. तोंडी परीक्षेत याचा अर्थ विचारला, की 'डब्ल्यू म्हणजे वेट' हे उत्तर मी दर वर्षी ऐकतो. ते चूक आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. म्हणजे डब्यावरचा अर्धा मजकूर थंडीविषयीच असतो, आणि तरीही आपल्याकडे तेल निवडताना चर्चा होते ती उन्हाळ्याची. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून 'इथे गरमी फार, जाड ऑइलच टाका' हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. हा सल्ला कुठे चुकतो आणि थंडीच्या दिवसांत, किंवा थंड प्रदेशात गाडी नेताना, तेल कोणत्या हिशेबाने निवडायचे, ते या पाठात पाहू. वंगणशास्त्राची प्राथमिक सूत्रे तुम्हाला माहीत आहेत असे धरले आहे.

दोन आकडे कशाकशावर ठरतात

चालू इंजिनात सम्पमधील तेलाचे तापमान साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस असते. ते तिथे ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा करतात. बाहेर ४५ अंश असोत की १० अंश, इंजिन तापल्यावर तेलाच्या तापमानात पडणारा फरक त्या मानाने थोडा असतो. सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी मात्र गोष्ट वेगळी असते. गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. बाहेर जे तापमान, तेच सम्पमधील तेलाचे तापमान. तिथे थर्मोस्टॅटचे काही चालत नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा: डब्ल्यूच्या आधीचा आकडा हवामान ठरवते आणि नंतरचा आकडा इंजिन ठरवते. थंडी वाढली म्हणून बदलायचा झालाच तर पहिला आकडा बदलायचा. दुसरा आकडा बेअरिंगमधील फटी, पिस्टनचा वेग, बेअरिंगवरचा भार आणि ऑइल पंपाची क्षमता पाहून इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. ऋतूप्रमाणे त्याला हात लावण्याचे कारण नाही.

एकाच आकड्याच्या, म्हणजे सिंगल ग्रेड तेलांच्या काळात ही सोय नव्हती. एसएई ४० हे तेल उन्हाळ्यात ठीक, पण थंडीत सकाळी गाडी ढकलावी लागे. एसएई २० थंडीत ठीक, पण भार आला की पातळ. त्यामुळे थंड देशांत ऋतूप्रमाणे तेल बदलत. 'थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाड' हा गॅरेजमधला नियम त्या काळातला आहे. मल्टिग्रेड तेल आले, तरी नियम तोंडात राहिला.

थंडीत तेल किती दाटते?

श्यानता, म्हणजे वर्गात आपण जिला व्हिस्कॉसिटी म्हणतो ती, तापमान उतरले की वाढते हे सर्वांना ठाऊक असते. किती वाढते याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो, कारण प्रयोगशाळेत आपण रेडवुड व्हिस्कोमीटरवर ३० अंशांपासून वर ८०-९० अंशांपर्यंत जातो. आलेखाची डावी बाजू आपण कधी काढतच नाही.

ती काढण्यासाठी वॉल्थरचे सूत्र वापरू:

लॉग लॉग (श्या + ०.७) = अ − ब × लॉग ता

येथे श्या म्हणजे गतिक श्यानता, मि.मी.² प्रति सेकंद या एककात, म्हणजेच सेंटिस्टोकमध्ये. ता म्हणजे केल्विनमधील तापमान. लॉगचा पाया १०. तेलाच्या माहितीपत्रकात ४० अंश आणि १०० अंश या दोन तापमानांची श्यानता दिलेली असते. दोन बिंदू मिळाले की अ आणि ब निघतात.

उदाहरणासाठी दोन तेले घेऊ. पहिले २०डब्ल्यू-४०: ४० अंशांना १३० आणि १०० अंशांना १४.५ सेंटिस्टोक. दुसरे ५डब्ल्यू-३०: ४० अंशांना ६५ आणि १०० अंशांना ११ सेंटिस्टोक. हे आकडे कोणत्या एका ब्रँडचे नाहीत, पण त्या त्या ग्रेडच्या तेलांना शोभतील असे आहेत. पहिल्या तेलासाठी ब येतो ३.३२, दुसऱ्यासाठी ३.०३. आता खाली उतरा.

१० अंशांना, म्हणजे रायपूरच्या जानेवारीतल्या चांगल्या थंड पहाटे, २०डब्ल्यू-४० ची श्यानता सुमारे ९०० सेंटिस्टोक येते आणि ५डब्ल्यू-३० ची सुमारे २९०. शून्य अंशाला पहिले सुमारे २,१५०, दुसरे सुमारे ५६०. उणे २० अंशांना पहिले १९,००० च्या वर आणि दुसरे सुमारे २,९००. उणे तापमानाला सूत्र तितकेसे विश्वासार्ह राहत नाही, कारण तेलातील मेण वेगळे होऊ लागते आणि खरे तेल सूत्रापेक्षाही दाट निघू शकते. पण प्रमाणाचा अंदाज येण्यास एवढे पुरे.

हे आकडे पुन्हा नीट पाहा. १०० अंशांना दोन तेलांत १४.५ आणि ११ इतकाच फरक होता, दीडपटही नाही. १० अंशांना तो तिप्पट झाला, शून्याला जवळजवळ चौपट, उणे २० ला साडेसहा पटींहून अधिक. बाटली हलवून 'हे पातळ दिसते' असे म्हणणारा माणूस या फरकाच्या मधल्या कुठल्यातरी बिंदूवर उभा असतो, एवढेच.

आणखी एक गैरसमज इथेच मिटतो. '५डब्ल्यू-३० हे थंडीत ५ इतके पातळ आणि गरम झाल्यावर ३० इतके जाड होते' असे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार येते. कोणतेही इंजिन ऑइल तापल्यावर जाड होत नाही. आपले ५डब्ल्यू-३० शून्य अंशाला ५६० आहे आणि १०० अंशांना ११, म्हणजे पन्नास पटींनी पातळ झाले. २०डब्ल्यू-४० मात्र तेवढ्याच अंतरात दीडशे पटींनी पातळ होते. मल्टिग्रेडचा गुण एवढाच, की ते कमी बदलते.

प्रयोगशाळेत करून पाहायचे असेल तर रेडवुड क्रमांक १ च्या जॅकेटमध्ये बर्फाचे पाणी घालून तेल १० अंशांवर आणा. मोठ्या वेळांसाठी रेडवुड सेकंदाला साधारण ०.२४७ ने गुणले की सेंटिस्टोक मिळतात. त्या हिशेबाने ५डब्ल्यू-३० चे ५० मिलिलिटर बाहेर पडायला जवळपास २० मिनिटे लागतील. २०डब्ल्यू-४० ला तासभर. म्हणूनच वेळ २,००० सेकंदांच्या पुढे जाणार असेल तर क्रमांक २ चे मोठ्या छिद्राचे उपकरण घ्यावे असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रात्यक्षिकाचा तास संपेपर्यंत थेंब मोजत बसण्याची तुमची तयारी असेल तर माझी हरकत नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा कसा ठरतो

वर्गीकरण एसएई जे३०० या मानकात आहे. त्याची पहिली आवृत्ती १९११ ची. त्यानंतर ते अनेकदा सुधारले गेले. डब्ल्यू ग्रेडसाठी थंडीतल्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. एकीत इंजिन घुमेल का हे पाहतात, दुसरीत तेल पंपापर्यंत वाहत येईल का हे पाहतात.

| ग्रेड | क्रँकिंग चाचणी: तापमान आणि कमाल श्यानता (मिलिपास्कल-सेकंद) | पंपिंग चाचणीचे तापमान |
|---|---|---|
| ०डब्ल्यू | उणे ३५ अंशांना ६,२०० | उणे ४० |
| ५डब्ल्यू | उणे ३० अंशांना ६,६०० | उणे ३५ |
| १०डब्ल्यू | उणे २५ अंशांना ७,००० | उणे ३० |
| १५डब्ल्यू | उणे २० अंशांना ७,००० | उणे २५ |
| २०डब्ल्यू | उणे १५ अंशांना ९,५०० | उणे २० |
| २५डब्ल्यू | उणे १० अंशांना १३,००० | उणे १५ |

पंपिंग चाचणीत सर्व ग्रेडसाठी मर्यादा एकच आहे: ६०,००० मिलिपास्कल-सेकंद, आणि तेलात जेलीसारखा ताठरपणा नसावा. दुसरा आकडा, म्हणजे ३०, ४० वगैरे, १०० अंशांच्या श्यानतेवर ठरतो. ३० साठी ९.३ ते १२.५ च्या आत, ४० साठी १२.५ ते १६.३ च्या आत, ५० साठी १६.३ ते २१.९ च्या आत. शिवाय १५० अंशांना जोराच्या घर्षणाखालची किमान श्यानताही पाहतात.

म्हणजे ५ आणि ३० हे दोन आकडे एकाच मापपट्टीवरचे नाहीत. ५ म्हणजे पाच काहीतरी नव्हे. ती परीक्षेच्या इयत्तेसारखी खूण आहे. एक सोपी आठवण: डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यातून ३५ वजा करा, क्रँकिंग चाचणीचे तापमान मिळते. ५ वजा ३५, उणे ३०. १५ वजा ३५, उणे २०.

घुमणे वेगळे, पोचणे वेगळे

तक्त्यात एक गोष्ट तुमच्या नजरेत आली असेल. प्रत्येक ग्रेडमध्ये पंपिंगचे तापमान क्रँकिंगच्या तापमानापेक्षा ५ अंशांनी खाली आहे. हे मुद्दाम आहे. तापमान उतरत गेले, तर आधी इंजिन घुमेनासे झाले पाहिजे आणि त्यानंतर तेल पंपाला येईनासे झाले पाहिजे. इंजिन सुरूच झाले नाही तर तुमचा कामाचा दिवस बुडेल, इतकेच. इंजिन सुरू झाले आणि तेल वर पोचलेच नाही, तर बेअरिंग जाईल.

हे केवळ कागदावरचे भय नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहराच्या परिसरात असेच घडले. त्या वेळच्या चाचण्यांत पास झालेली काही तेले गाड्यांमध्ये होती. थंडी सावकाश उतरत गेली आणि तेलातील मेणाच्या स्फटिकांची हळूहळू जाळी तयार झाली. इंजिने सुरू झाली, पण तेल आले नाही, आणि बरीच इंजिने निकामी झाली.

नेमके काय होते ते समजायला थिजलेले तूप आठवा. चमचा घालून थोडे तूप काढले की तिथे खड्डा पडतो आणि तो खड्डा तसाच राहतो. आजूबाजूचे तूप वाहून आत येत नाही. ऑइल पंपाची जाळी सम्पमध्ये बुडालेली असते. पंप जाळीजवळचे तेल ओढतो, खड्डा पडतो, बाजूचे तेल येत नाही, आणि पंप हवा ओढू लागतो. मोजून पाहिले तर सम्पमध्ये तेल पूर्ण भरलेले असते!

चाचणीत तेल झटपट थंड केले तर ही जाळी बनायला वेळच मिळत नाही. म्हणून सू फॉल्सनंतर पंपिंग चाचणीत तेल अतिशय सावकाश, ४५ तासांहून अधिक काळ घेऊन थंड करण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्या देशात हाच मेणाचा प्रश्न डिझेलमध्ये अधिक ओळखीचा आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात साधे डिझेल गोठत असे आणि चालक त्यात रॉकेल मिसळून वेळ मारून नेत. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते. इंधन वाहिले तरी सम्पमधले तेल वाहिलेच पाहिजे, ही पुढची अट आपली आपण पाळायची.

स्टार्टरवर किती भार पडतो

यंत्र संकल्पनेत शिकलेले पेट्रॉफचे समीकरण इथे कामाला येते. भार नसलेल्या जर्नल बेअरिंगचा रोधक आघूर्ण, म्हणजे टॉर्क, असा:

टॉर्क = ४ × पाय² × श्यानता × फेरे प्रति सेकंद × त्रिज्या³ × लांबी ÷ त्रिज्यीय फट

जर्नलची त्रिज्या २५ मि.मी., लांबी २० मि.मी., फट ०.०२५ मि.मी. आणि क्रँकिंगचा वेग मिनिटाला २०० फेरे धरा. सेंटिस्टोकला घनतेने गुणून श्यानता पास्कल-सेकंदात आणा. घनता ८८० किलो प्रति घनमीटर घ्या. शून्य अंशाला २०डब्ल्यू-४० असेल तर एका बेअरिंगला सुमारे ३.१ न्यूटन-मीटर लागतात, ५डब्ल्यू-३० ला ०.८. चार सिलिंडरच्या इंजिनात पाच मेन आणि चार बिग एंड अशी नऊ बेअरिंगे साधारण सारखी मानली, तर २८ विरुद्ध ७. उणे २० अंशांना एका बेअरिंगला २८ आणि नऊ मिळून २५० च्या आसपास. छोट्या कारचा स्टार्टर फ्लायव्हीलच्या दात्यांचे गुणोत्तर धरूनही एवढा जोर देऊ शकत नाही. ५डब्ल्यू-३० असेल तर हाच आकडा ३८ च्या आसपास राहतो. पिस्टन रिंगा आणि कॉम्प्रेशन यांचा भार वेगळा.

खऱ्या इंजिनात जोराच्या घर्षणाखाली तेल थोडे पातळ होते, त्यामुळे हे आकडे वरच्या बाजूचे आहेत. पण बॅटरीही याच वेळी दुबळी झालेली असते. उणे १८ अंशांच्या आसपास पूर्ण चार्ज केलेली बॅटरीदेखील तिच्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर येते. मागणी वाढते त्याच सकाळी पुरवठा घटतो.

डॅशबोर्डवर किंवा गेजवर तेलाचा दाब जास्त दिसला म्हणजे तेल जास्त पोचले, असे समजू नका. बारीक वाटेतून वाहणारा प्रवाह श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाट तेल ढकलताना दाब चढतो, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेच तेल तिथूनच सम्पमध्ये परत जाते. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो. मग गाळले न गेलेले तेल बेअरिंगकडे जाते. कॅमशाफ्ट, हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर, टायमिंग चेनचा टेन्शनर, टर्बोचे बेअरिंग ही सगळी मंडळी वाटेच्या शेवटी बसलेली असतात. थंड सकाळी पहिली काही सेकंदे येणारी टकटक पुष्कळदा त्यांचीच असते.

डब्यात काय घालतात

थोडक्यात पाहू. बेस ऑइलमधले मेण जितके चांगले काढलेले किंवा रूपांतरित केलेले, तितके तेल थंडीत चांगले. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू तेले सहसा सिंथेटिक म्हणून विकली जातात, कारण साध्या शुद्धीकरणाच्या बेस ऑइलमधून ती मर्यादा गाठणे अवघड असते. त्यात मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंतू नयेत म्हणून पोअर पॉइंट डिप्रेसंट घालतात. व्हिस्कॉसिटी इंडेक्स वाढवण्यासाठी लांब साखळ्यांचे पॉलिमर घालतात. थंडीत ते आक्रसून बसतात आणि तापल्यावर पसरतात, त्यामुळे गरम तेलाचे पातळ होणे कमी होते. गिअर आणि बेअरिंगच्या चिरडण्याने या साखळ्या तुटतात, म्हणून वापरलेले मल्टिग्रेड तेल काही काळाने गरम अवस्थेत पातळ पडू शकते. डिझेल इंजिनात उलटही होते: काजळी आणि ऑक्सिडीकरणामुळे तेल दाटते. जे३०० ची मर्यादा नव्या तेलाला लागू आहे, हे विसरू नका. आठ-दहा हजार किलोमीटर चाललेले १५डब्ल्यू तेल थंडीत १५डब्ल्यूसारखे वागेलच असे नाही.

आता निवड

पहिली पायरी गाडीचे मॅन्युअल. त्यात बहुधा तापमानाच्या पट्टीवर कोणते ग्रेड चालते याचा तक्ता असतो. तक्त्यात जितकी ग्रेड दिली आहेत, त्यांच्यातूनच निवडायचे. दुसरी पायरी: तुमच्या मार्गावरची सगळ्यात थंड पहाट कोणती, आणि त्या पहाटे गाडी उघड्यावर उभी असेल का. भर दुपारी घाट ओलांडणाऱ्या गाडीला थंडी लागत नाही; रात्रभर उभ्या गाडीला लागते. तिसरी पायरी: क्रँकिंग चाचणीच्या तापमानापासून निदान दहा अंश वर राहा, जुने तेल आणि जुनी बॅटरी यांच्यासाठी.

रायपूर, बिलासपूर, नागपूर, पुणे या शहरांत हिवाळी पहाट थोड्याफार फरकाने १० अंशांच्या आसपास असते. गाडी सुरू होण्याच्या दृष्टीने इथे २०डब्ल्यूसुद्धा पुरते. इथे ०डब्ल्यू घेण्याचे कारण थंडी हे असू शकत नाही. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिले असेल तर तेच घालायचे, कारण ते इंजिन त्याच तेलासाठी बनले आहे. पण अशा इंजिनात 'गरमी फार' म्हणून २०डब्ल्यू-५० घातले, तर १० अंशांच्या सकाळी काय होते ते वरच्या गणितावरून तुम्हीच सांगू शकाल. गाडी सुरू होते, म्हणून मालकाला काही कळत नाही. झीज रोज थोडी थोडी होते, पेट्रोल थोडे जास्त जळते, आणि वॉरंटीचा प्रश्न आला की तेलाचे बिल मागितले जाते.

रायपूरहून उत्तरेला अंबिकापूरकडे गेलात तर चित्र थोडे बदलते. सरगुजाच्या पठारावर थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली येतो, मैनपाटला गवतावर दवाचा पाला गोठलेला दिसतो. तिकडे कबीरधाम जिल्ह्यातल्या चिल्फी घाटातही तसेच. आपल्या महाराष्ट्रात निफाड किंवा महाबळेश्वरचे वेण्णा तलाव परिसर आठवा. शून्याच्या आसपासच्या या ठिकाणांसाठी गाडीत १५डब्ल्यू-४० असेल तर मुद्दाम तेल बदलण्याची गरज नाही. क्रँकिंगची मर्यादा अजून २० अंश दूर आहे. जुन्या जीपमध्ये २०डब्ल्यू-५० असेल आणि मॅन्युअल १५डब्ल्यू-४० ला परवानगी देत असेल, तर मैनपाटच्या सहलीपूर्वी येणाऱ्या सर्व्हिसिंगला तो बदल करून घ्या. सहलीसाठी म्हणून मुदतीआधी तेल फेकून देणे मला पटत नाही; त्यापेक्षा बॅटरीची टर्मिनले साफ करा.

लेहची गोष्ट वेगळी. जानेवारीत तिथे रात्री उणे १० ते उणे १५ अंश ही नेहमीची बाब आहे, आणि द्रासला त्याहून खाली. २०डब्ल्यू तिथे मर्यादेवरच येते, १५डब्ल्यूला अंतर फार थोडे उरते. तिथे ५डब्ल्यू हवे. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही असतील, तर पहिला आकडा खाली आणायचा, ४० तसाच ठेवायचा. एडमंटन किंवा विनिपेगला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उणे ३० नवे नाही. तिथे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू तेल तर असतेच, शिवाय इंजिन ब्लॉकला विजेचा हीटर बसवून रात्री गाडीला प्लग लावून ठेवतात. तेलाची मर्यादा गाठली की मग तेलच गरम ठेवायचे, एवढाच त्यामागचा विचार.

ग्रेड जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला क्लच एकाच तेलात चालतात. तिच्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवे. पेट्रोल कारचे घर्षण कमी करणारे ५डब्ल्यू-३० 'थंडीत चांगले' म्हणून बाइकमध्ये ओतले तर क्लच घसरू लागेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचे तेल लागते. तिथे ग्रेडबरोबर मॅन्युअलमधला एपीआय किंवा एसीईए वर्गही जुळवा.

सुरू झाल्यानंतर

गाडी सुरू केल्या केल्या अ‍ॅक्सिलरेटर दाबून घों-घों करणे हा सर्वांत वाईट प्रकार. दाब असतो, प्रवाह नसतो, आणि बेअरिंगवर वेग येतो. दहा-दहा मिनिटे जागेवर चालू ठेवणेही उपयोगाचे नाही. आयडलिंगला उष्णता फार थोडी निर्माण होते आणि मिश्रण श्रीमंत राहते. आपल्या हवेत अर्धा मिनिट थांबा आणि सावकाश निघा. पाण्याच्या तापमानाचा काटा पाच-सात मिनिटांत जागेवर येतो, तेल मात्र त्याच्या बरेच मागे असते. काटा वर आला म्हणून लगेच ओव्हरटेक करायला धावू नका.

हॉस्टेलपासून कॉलेजपर्यंत दोन-तीन किलोमीटर, पुन्हा परत, एवढाच ज्यांचा रोजचा प्रवास आहे त्यांच्यासाठी थंडीचा एक वेगळा प्रश्न आहे. तेल तापतच नाही. सिलिंडरच्या थंड भिंतींवरून पेट्रोल खाली उतरते, ज्वलनातली वाफ क्रँककेसमध्ये पाणी होऊन साचते. ऑइल भरायच्या टोपणाखाली पांढरट, सायीसारखा थर दिसला तर बहुधा तेच असते. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवली की हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. तसे होत नसेल तर किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी महिन्यांच्या मुदतीने तेल बदला. मात्र कूलंट कमी होत असेल आणि हा थरही दिसत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

सरावासाठी

१. एका १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंशांना १०८ आणि १०० अंशांना १४.५ सेंटिस्टोक आहे. वॉल्थरच्या सूत्राने शून्य अंशाची श्यानता काढा आणि वरच्याच बेअरिंगसाठी टॉर्क काढा. (उत्तर: सुमारे १,३०० सेंटिस्टोक, १.९ न्यूटन-मीटर)

२. वरच्या उदाहरणात फट ०.०२५ ऐवजी ०.०४० मि.मी. झाली, तर स्टार्टरवरचा भार कमी होतो. मग सगळ्याच इंजिनांत फट मोठी का ठेवत नाहीत?

३. तुमच्या घरच्या गाडीचे मॅन्युअल उघडा. त्यात दिलेली ग्रेड, तुमच्या गावची सर्वांत थंड पहाट आणि सध्या गाडीत असलेले तेल या तीन गोष्टी लिहा. शेवटची गोष्ट सर्व्हिसिंगच्या बिलावर सापडेल. बिलावर नुसतेच 'इंजिन ऑइल ३.५ लिटर' असेल तर पुढच्या वेळी ग्रेड लिहून मागा.